वडाचे मोल वयावर ठरवू नका

रस्तारुंदीकरणाचा आराखडा आला की संकट येते ते कडेच्या जुन्या वडांवर. त्यांना कायद्याचे कवच अजिबात नाही असे नाही. 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यात महाराष्ट्राने 2021मध्ये दुरुस्ती केली. नागरी भागातील 50 वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’ मानले आणि असे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. दुरुस्ती स्वागतार्हच आहे. पण वडाला वयाचे माप तोकडे पडते. तो किती वर्षे जगला यापेक्षा किती जीव जगवतो, यावर त्याचे मोल ठरायला हवे.

मुळात वडाचे वय मोजायचे कशावरून? पारंब्या जमिनीत रुजल्या की जाडावतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांचीच खोडे होतात. अशा जुळलेल्या खोडांत वर्तुळे मोजून वय काढता येत नाही. हावड्याच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाच्या मूळ खोडाला बुरशी लागली, म्हणून 1925मध्ये ते काढून टाकावे लागले. वय सांगणारे खोडच गेले, झाड मात्र पारंब्यांच्या बळावर पसरतेच आहे.

आता वडाचे काम पाहा. त्याचे लाल फळ म्हणजे आतल्या बाजूने फुललेला फुलोरा. फळाच्या टोकाशी खवल्यांनी झाकलेले बारीक छिद्र असते. उंबर फोडल्यावर उडणाऱ्या केंबरांच्या भावकीतली, दोनेक मिलिमीटरची मादी त्यातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती परागकण पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या लेकी नवे पराग घेऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्यापाशी जेमतेम एक-दोन दिवसांचे आयुष्य उरलेले असते. एका वडाची फळे साधारण एकाच सुमारास तयार होत असल्याने तेवढ्या वेळात त्यांना योग्य अवस्थेतला दुसरा वड गाठावा लागतो. वेगवेगळे वड वेगवेगळ्या वेळी फळतात म्हणून ही साखळी टिकते आणि इतर झाडांवर फळ नसतानाही हरियाल, तांबट, वटवाघळांचे पोट भरते. एक वड तोडला की उरलेल्या वडांचाही आधार कमी होतो. पुढची अनेक वर्षे न फळणारी रोपे ही तूट भरून काढू शकत नाहीत.

रस्ते नकोत का, असे विचारले जाईल. हवेतच, अरुंद रस्त्यांवर माणसांचे जीव जातात. पण आराखडा कागदावर असतानाच वडांची नोंद समोर असेल, तर रेघ थोडी सरकवता येते. निविदा निघाल्यावर ते अवघड होते. दुसरा आक्षेप पुनर्रोपणाचा. वड फांदीपासूनही रुजतो, त्यामुळे तो जगण्याची आशा असते हे खरे. मात्र हलवण्यासाठी फांद्या आणि मुळे छाटावी लागतात, मग सावली आणि फळे दीर्घकाळ जातात. हा शेवटचा उपाय असावा. तिसरा आक्षेप असा, की वयाचा नियम निदान सोपा आहे. पण खोडाचा घेर, फांद्यांचा विस्तार आणि रुजलेल्या पारंब्या टेपने मोजता येतात, फळण्याचे महिने वर्षभर पाहून टिपता येतात. प्रत्येक नगरपालिकेने वड, पिंपळ, उंबरांची अशी नोंदवही ठेवावी आणि ती पाहिल्याशिवाय रस्त्याच्या आराखड्याला मंजुरी देऊ नये.