जिद्द पुरत नाही, नावही लागते

नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलवरचा 'झुंड' (२०२२) पाहून टाळ्या वाजविणाऱ्यांनी दत्तू भोकनळही आठवावा. चांदवड तालुक्यातील दुष्काळी तळेगाव रोहीचा, विहिरी खोदणाऱ्या बापाचा हा मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याने चौघांच्या संघात सुवर्णपदक मिळविले. त्याच्यावर सिनेमा निघाला तर तो सांगेल, जिद्दीने सारे मिळते. पण वल्हे त्याच्या हाती आले ते सैन्यात भरती झाल्यावर! फुटबॉलला एक चेंडू पुरतो. शर्यतीची नाव वस्तीतल्या पोराला परवडत नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा, नळगंगा, पेनटाकळी ही धरणे आहेत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. पुढे संविधानाच्या कलम १५ ने सार्वजनिक तळी, विहिरी, घाट सर्वांना खुले केले. पण पाणी खुले आणि नाव नाही, तर खेळाडू घडणार कसा?

म्हणून बांधवांनो, पडद्यावरच्या नायकाची वाट पाहू नका. धरणावर नावा आणि प्रशिक्षक द्या, अशी लेखी मागणी जिल्हा नियोजन समितीकडे करा.