खिळा कुठे गंजतो?

कल्याणजवळच्या मोहने गावात रेयॉनचा मोठा कारखाना होता. २००९ साली तो बंद पडला. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो आणि मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो तिथेच तयार केला जाई. कारखाना चालू असतो तेव्हा माणूस विद्युतरासायनिक क्रियेला कामाला जुंपतो. कारखाना बंद पडला की त्याच जातीची क्रिया लोखंड खाऊ लागते. तिला आपण गंज म्हणतो.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो : ओल्या जागी ठेवलेला लोखंडी खिळा आधी कुठे गंजेल? "सगळीकडे सारखाच!" असे उत्तर बहुतेक जण देतात. यात दोष मुलांचा नाही. विद्युत अग्र म्हणून आपण फळ्यावर एक सरळ रेघ काढतो आणि अमीटरवर एक आकडा वाचतो. तो आकडा म्हणजे साऱ्या पृष्ठभागाची बेरीज. वर्गाचे एकूण गुण सांगितल्याने पहिला कोण आणि नापास कोण, हे थोडेच कळते?

शास्त्रज्ञांनाही हीच अडचण होती. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साध्या सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. तेव्हा डोळ्यांऐवजी त्यांनी स्पर्श वापरला. १९८९ साली अमेरिकेत ॲलन बार्ड यांच्या गटाने अतिसूक्ष्म विद्युत अग्र पृष्ठभागालगत फिरवून जागोजागचा प्रवाह मोजण्याची पद्धत मांडली. पुढे इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात काचेच्या बारीक नळीच्या टोकावरचा द्रवाचा थेंब पृष्ठभागाला टेकवून, त्या ठिपक्यापुरताच घट तयार करण्यात आला. २०१७ साली म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, प्लॅटिनमवर क्रिया चालू असताना सूक्ष्म टोकातील प्रवाह अणूंच्या पायऱ्यांपाशी अधिक थरथरतो. म्हणजे काम मुख्यतः तिथे चालते! प्लॅटिनम महाग आहे. पाण्यापासून हायड्रोजन स्वस्तात मिळवायचा, तर कोणते अणू राबतात आणि कोणते नुसते बसून असतात, हे कळायलाच हवे.

मात्र एक लक्षात ठेवा. अशी रंगीत चित्रे छायाचित्रे नसतात. ठिपक्याठिपक्याला मोजलेल्या आकड्यांना संगणकाने दिलेले ते रंग असतात. म्हणून चित्र पाहिले की विचारावे : यात काय मोजले आहे?

ही उपकरणे शाळेत येणार नाहीत, हे खरे. पण 'कुठे?' हा प्रश्न शाळेत यायला काय हरकत आहे? कपभर पाण्यात दोन ग्रॅम चायना ग्रास उकळून विरघळवा. त्यात चिमूटभर मीठ, थोडे पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घाला. काचेच्या बशीत एक सरळ आणि एक वाकवलेला, जस्ताचा मुलामा नसलेला स्वच्छ खिळा ठेवून त्यावर हे मिश्रण ओता. हे सारे शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच करा आणि मिश्रणात आम्ल मुळीच घालू नका. दुसऱ्या दिवशी खिळ्याचे डोके, टोक आणि बाक यांपाशी निळा रंग दिसेल; तिथे लोखंड झिजते आहे. इतरत्र गुलाबी रंग दिसेल. तिथे पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आहे. जेली घट्ट असल्यामुळे रंग जिथल्या तिथे राहतात.

"परीक्षेत हे विचारत नाहीत, मग वेळ का घालवायचा?" असे काही शिक्षकमित्र म्हणतात. त्यांची ओढाताण मी जाणतो. तरीही माझे मत असे की, गंजाचे समीकरण दहा वेळा लिहून घेण्यापेक्षा हा एक खिळा मुलांना दाखवावा. समीकरण सांगते काय घडते. खिळा दाखवतो कुठे घडते. पूल असो वा पाण्याची टाकी, ती सरासरीने कोसळत नाही. एका जागी झिजते आणि तिथेच दगा देते. ती जागा शोधण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.