हवेतला बार



वेचणी सुरू झाली की राखणीच्या गोष्टी निघतात. भाव चढेल म्हणून कापूस विकलेला नाही, शेतात ढीग पडून आहे आणि रात्री पांदणीने अनोळखी टेम्पो फिरतो आहे. अशा वेळी कोणीतरी सांगतोच, "परवान्याची बंदूक आहे ना? हवेत एक बार काढा, चोर पळतात." माणूस मारायचा नाही, नुसता भेदरवायचा. भावना चांगली आहे, पण हा सल्ला आम्हाला मान्य नाही.

आधी बंदुकीचेच पाहू. 1959 च्या शस्त्र कायद्याने पीक संरक्षणासाठी शेतकऱ्याला देऊ केली ती ठासणीची बंदूक. दारू भरा, छर्रे भरा, गजाने ठासा, टोपी चढवा. एक बार आभाळात गेला की हातात उरते ती नुसती लोखंडी काठी. टोळीला हे कळत नाही असे समजू नका, तीही खेड्यातलीच असते. बारा बोअरची दुनळी असली तरी अर्धी बंदूक रिकामी झालीच.

आणि वर गेलेले खाली येते. रात्री घाईत काढलेला बार सरळ आभाळात जात नाही, तिरपा जातो. मोठे छर्रे अर्ध्या किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. शेजारच्या ज्वारीत मचाणावर कोणाचे पोर जागलीला बसले आहे, बांधावरून कोण बैल घेऊन येतो आहे, हे अंधारात कोणाला दिसते? डुकरे आणि रोही हाकलताना बार काढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. आधी हवेत बार काढा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. कायदा विचारतो ते एवढेच की धोका केवढा होता आणि बळ तेवढ्यापुरतेच वापरले का. कापसाचे गाठोडे घेऊन पळणाऱ्याचा जीव घेण्याचा हक्क कोणालाही नाही. लूट, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा मालाच्या कोठाराला लावलेली आग, नाहीतर जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तरच तो हक्क तिथवर जातो, आणि तोही गरजेपुरताच. उलट, कुऱ्हाड डोक्यावर आली असता माणसाने सोनाराच्या काट्यावर मोजून वागावे, अशी अपेक्षा न्यायालयही करत नाही. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या शेतीच्या वादाच्या एका खटल्यात बापावर हल्ला होताना गोळी झाडणाऱ्या मुलाला निर्दोष सोडले.

मग हवेतल्या बाराला जागा उरते कुठे? जिवाला धोका नाही तिथे बंदूक उचलायचीच नाही. धोका आहे तिथे हातातला एकुलता बार आभाळाला द्यायचा, हा कसला शहाणपणा? शिवाय 2019 च्या दुरुस्तीने, बेपर्वाईने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहे. चोर पळून जाईल आणि तारखा आपण करू.

कोणी म्हणेल, आमच्या गावात हवेतल्या बारानेच टोळी पळाली. पळाली असेल. एका बाराने पळणारी टोळी चार जणांच्या हाळीनेही पळाली असती.

म्हणून वेचणी संपेपर्यंत शेजारच्या पाच-सहा शेतांनी मिळून आळीपाळीने जागल करावी. चांगली बॅटरी, शिट्टी आणि पत्र्याचा डबा जवळ ठेवावा. गाडीचा नंबर टिपावा आणि लगेच 112 ला फोन करावा. अंधारात एकट्याने पाठलाग करू नये. या साऱ्या रात्रींची मजुरी कापसाचा भाव ठरवताना कोण धरतो, हा प्रश्न जिल्हा बैठकीत मांडायचाच आहे. त्यासाठी प्रत्येक गावाने जागलीच्या रात्री आणि माणसे वहीत लिहून आणावीत.