साइट कोणाच्या नावावर आहे?

‘भाऊ, मले कोडिंग-बिडिंग काही येत नाही. मंग मी वेबसाइट चालवू कशी?’ या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत हा कायम आघाडीवर. विचारणारा कधी रावेरचा केळी व्यापारी असतो, कधी भुसावळ स्टेशनसमोरचा लॉजवाला, तर कधी शिकवणी घेणारे सर.

कोडची अडचण मिटून वीस वर्षं उलटली. ब्लॉगर 1999 मध्ये आलं. वर्डप्रेस आलं 27 मे 2003 रोजी, आणि त्याच महिन्याच्या एक तारखेला मराठी विकिपीडिया सुरू झाला होता. लिहिता येणाऱ्याने लिहावं, मागची यंत्रणा तयार मिळेल, ही सोय तेव्हापासून आहे. आज जगातल्या दर पाच साइटींपैकी दोन वर्डप्रेसवर चालतात. त्या चालवणारे सगळे काही प्रोग्रामर नाहीत.

आपल्या भागात साइट चालते ती कशावर? पावसाळ्यात हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी आज किती उघडले, हे तापीकाठच्या माणसाला सकाळीच कळायला हवं असतं. केळीवाल्याला रावेरचा भाव हवा, शेजारी बऱ्हाणपूरचाही हवा, आणि तो घड कापायच्या आधी हवा. हे आकडे जो रोज ठरल्या वेळी आणि खरे देतो, त्याच्याकडे लोक आपोआप येतात. मग पानाचा रंग भडक असो की अक्षरं वाकडी. गावोगावची बातम्यांची पोर्टलं चालवणाऱ्यांत म्हणूनच जुने वार्ताहर भेटतात. त्यांना फोन कोणाला लावायचा ते माहीत असतं. उलट, सुरेख साइट बांधून घेऊन तिच्यावर तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा तशाच ठेवणारेही कमी नाहीत.

साइट बंद पडते तीही बहुधा कोडमुळे नाही. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेताना भाच्याचा ईमेल दिलेला असतो. भाचा पुण्याला नोकरीला लागतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या खात्यात जाऊन पडते, मुदत संपते आणि पत्ता हातचा जातो. दुकानाची जागा भाड्याची असली तरी करारावर आपण स्वतःचं नाव घालून घेतो; इथे मात्र मालक कोण, हे विचारायचंच राहून जातं. साइट करून देणाऱ्याला पंधरा-वीस हजार देताना हात आखडत नाही, पण वर्षाला डोमेनचे हजारभर रुपये भरायची वेळ आली की ‘पाहू पुढच्या महिन्यात’.

फुकटाचं तर विचारूच नका. गुगलवर दुकानाची नोंद केली की तिथूनच एक छोटी साइट तयार करून मिळायची. कोड नको, खर्च नको. देशभरच्या छोट्या दुकानदारांनी ती वापरली. मार्च 2024 मध्ये गुगलने ती सोयच बंद केली. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डांवर तो पत्ता छापला होता, त्यांची कार्डं वाया गेली. फुकट साइट देणारं जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं तेव्हाही असंच झालं होतं. फेसबुक पेजवरच सगळा धंदा उभा करणाऱ्यांनी या दोन्ही तारखा लक्षात ठेवाव्यात.

जाणकार लागतोच, पण ठरावीक ठिकाणी. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील, ग्राहकांची माहिती साठवायची असेल किंवा साइट हॅक झाली असेल, तर यूट्यूब पाहून हात घालू नका. माणूस बोलवा, त्याला रीतसर पैसे द्या. त्याच्यासाठी वेगळं लॉगिन करा आणि काम संपलं की ते बंद करा. मुख्य पासवर्ड तुमच्याकडेच राहू द्या. वर्डप्रेसचे अपडेट वेळच्या वेळी करणं आणि बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून ठेवणं ही कामं दुकानातला हिशेब लिहिणारा मुलगाही करू शकतो.

तेव्हा ज्याने साइट करून दिली त्याला या आठवड्यात एक फोन लावा. डोमेन कोणाच्या नावावर आहे, ओटीपी कोणत्या नंबरवर येतो आणि मुदत कधी संपते, एवढं विचारा. उत्तर द्यायला तो आढेवेढे घेऊ लागला, तर नवी साइट करायच्या गप्पा बाजूला ठेवा आणि आधी डोमेन स्वतःच्या नावावर करून घ्या.