स्वतःला माफ करण्याची घाई

अपराधीपणा म्हणजे मनातला कचरा, तो रोजच्या रोज काढून टाका, असा उपदेश हल्ली व्याख्यानांतून फार ऐकू येतो. झालेलं बदलत नाही, म्हणून खंत निरुपयोगी. खंतीने माणूस खचतो, म्हणून ती घातक. ती लहानपणी आपल्यावर लादलेली असते, म्हणून आपली नव्हेच. तेव्हा स्वतःला माफ करा आणि मोकळे व्हा. टाळ्या!

लादलेली असते, हे काही वेळा खरं आहे. मूल पाळणाघरात ठेवून कामावर जाणाऱ्या आईला अपराधी वाटतं, बापाला वाटत नाही. तेवढा मुद्दा मान्य.

पण ‘स्वतःला माफ करा’ हे मला सहन होत नाही. समजा, घरकामाच्या बाईंचं मूल तापाने फणफणलं म्हणून त्या चार दिवस आल्या नाहीत. महिनाअखेरीस घरच्यांनी खाडे कापले आणि रात्री त्यांना चुटपुट लागली. व्याख्यात्यांचं ऐकून त्यांनी डोळे मिटून स्वतःला माफ केलं. म्हणजे पैसे यांच्याकडेच राहिले आणि झोपही यांनाच लागली. औषधांचा खर्च अंगावर पडलेल्या बाईंना कुणी काही विचारलंच नाही. उधारी ज्याच्या नावावर, त्यानेच वहीत ‘फिटली’ असं लिहावं, तसला हा व्यवहार! माफी द्यायची की नाही, हे बाईंनी ठरवायचं, आणि तेही पैसे हातात पडल्यावर.

ही पळवाट जुनी आहे. पूर्वी ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध’ म्हणत सोसणाऱ्याच्या गतजन्मावर भार टाकला जायचा आणि करणारा सुटायचा. आता तो दीर्घ श्वास घेऊन सुटतो. तेव्हाही आम्ही भांडलो होतो आणि ‘तुम्हाला अध्यात्म कळत नाही’ असं ऐकून घेतलं होतं.

खंतीने माणूस खचतो म्हणे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाचा हिशेब आहे. दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकलेल्या राजाने हे अनुतापासह कोरून घेतलं, आणि तरी तो राज्य करत राहिला. त्याच लेखात अरण्यवासीयांना त्याने आपल्या सामर्थ्याची जाणीव करून दिली, कलिंगही परत केलं नाही. हे मला खुपतं. मात्र खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा लेख नाही. तिथे वेगळे लेख आहेत. धौलीच्या लेखात तोसलीच्या अधिकाऱ्यांना बजावलं आहे, की कुणालाही विनाकारण कैद किंवा छळ सोसावा लागू नये. अनुताप तिथे कोरला नाही ही लबाडी, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. ज्यांचं रक्त सांडलं, त्यांच्या मुलाबाळांना राजाच्या दुःखापेक्षा या हुकुमाची गरज जास्त होती.

झालेलं बदलत नाही, पण कापलेले पैसे परत देता येतात. चुटपुट लागली की ती कुणापायी लागली ते पाहावं, त्या माणसाकडे जावं, काय बुडवलं ते तोंडाने सांगावं आणि भरून द्यावं. भरून देता येणार नसेल, तर ती खंत सोबत राहू द्यावी आणि पुढचं वागणं बदलावं. त्या घरच्यांनी खाड्यांचे पैसे बाईंना द्यावेत आणि यापुढे आजारपणाची रजा भरपगारी असेल, हेही तेव्हाच सांगून टाकावं.