एकच खोका सगळ्या कामांना नको

कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आणि त्यांच्या आसपास गल्लोगल्ली असलेले दवाखाने, नर्सिंग होम, रक्ततपासणीच्या लॅब. या सगळ्यांना रोज लागणारी वस्तू म्हणजे हातमोजे. यंत्रांच्या खरेदीवर चर्चा होते, औषधांच्या दरावर वाद होतात. पण अनेक छोट्या दवाखान्यांत हातमोज्यांचा विषय ‘स्वस्तातला खोका आणा’ एवढ्यावरच संपतो. ही काटकसर महागात पडू शकते.

रबरी हातमोजे शस्त्रक्रियागृहात आले ते रुग्णासाठी नव्हे, एका परिचारिकेच्या हातांसाठी. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८९०च्या सुमारास कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक द्रावणातल्या पाऱ्याच्या क्षारामुळे इसब झाला. शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी तिच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करून घेतले. त्यांनी जंतुसंसर्गही रोखला जातो, हे पुढे लक्षात आले. म्हणजे मोजा निवडताना पहिला प्रश्न ‘किती रुपयांना?’ हा नसून ‘कोणत्या हातासाठी, कोणत्या कामासाठी?’ हा आहे.

लॅटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचा मोजा, हाताला छान बसतो आणि बोटांना स्पर्श नीट कळतो. म्हणून शस्त्रक्रियेत तो वर्षानुवर्षे वापरात आहे. पण त्यातील प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते. कुणाला पुरळ उठते, कुणाला दम लागतो, क्वचित जिवावर बेतते. मोज्यातली पावडर ही प्रथिने हवेत पसरवते. म्हणूनच अमेरिकेने पावडर लावलेल्या वैद्यकीय मोज्यांवर २०१७ पासून बंदी घातली. नायट्राइलमध्ये ही प्रथिने नसतात आणि तेलकट पदार्थ व अनेक रसायने तो लॅटेक्सपेक्षा चांगली अडवतो. लॅबमधल्या कामाला तो योग्य. व्हिनाइल स्वस्त, पण ढगळ आणि वापरताना लवकर फाटणारा. थोड्या वेळाच्या, रक्ताचा संबंध नसलेल्या कामापुरताच तो ठीक. कर्करोगाची औषधे हाताळताना मात्र त्यासाठी तपासलेलेच मोजे हवेत.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो मावशी आणि सफाई कामगारांवर. तपासणीचा पातळ मोजा घालून जैववैद्यकीय कचरा उचलायला लावणे म्हणजे सुईला आमंत्रण. त्यांना जाड, कोपराकडे जाणारे रबरी मोजे द्यायला हवेत आणि हेपॅटायटिस बीची लसही. पातळ मोजा सुई अडवत नाही, हे सर्वांनीच लक्षात ठेवावे. मापाचेही तसेच. सहा नंबरच्या हाताला साडेसात नंबरचा मोजा दिला, तर सुई धरणारी बोटे अडखळणारच.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, नवी मुंबई पोलिसांनी पावणे एमआयडीसीतील गोदामावर छापा घालून वापरलेले मोजे धुऊन पुन्हा विकायला काढल्याचा प्रकार उघडकीस आणला. कित्येक टन माल सापडला. असा मोजा दिसायला नवा, पण त्यातली सूक्ष्म छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून खोका सीलबंद आहे का, त्यावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि भारतीय मानक आहे का, हे पाहायलाच हवे. सुटे मोजे घेऊच नयेत. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेला मोजा लाल पिशवीत जातो. तो तिथे टाकण्यापूर्वी कापला, तर पुन्हा बाजारात येण्याची वाटच बंद होते.

छोट्या दवाखान्याला हे परवडेल का, असे कुणी विचारेल. प्रत्येक कामाला महागडा मोजा लागतच नाही. रक्तदाब मोजायला, केसपेपर लिहायला, अखंड त्वचेवर हात ठेवायला मोजा नकोच. तिथे स्वच्छ धुतलेला हात पुरतो. उलट एकच मोजा घालून चार रुग्ण तपासणारा माणूस जंतू इकडून तिकडे नेतो. मोजा काढल्यावरही हात धुवावेच लागतात. नको तिथला वापर थांबवला, तर वाचलेल्या पैशांतून हव्या तिथला चांगला मोजा घेता येतो.

म्हणून महापालिकेच्या निविदेत आणि खासगी दवाखान्याच्या यादीत ‘हातमोजे’ एवढाच शब्द नसावा. प्रकार, माप, मानक आणि काम हे चारही तपशील लिहावेत आणि ते ठरवताना मोजे घालणाऱ्या सिस्टर, तंत्रज्ञ व मावशींना विचारावे. रुग्णानेही संकोच करू नये. ‘सिस्टर, नवे मोजे घालता का?’ असे विचारणे हा उद्धटपणा नाही. त्यात दोघांचीही काळजी आहे.