तिचं दुखणं सांगायला लाज कसली?



कुत्रीच्या कानात गोचीड झाली, पाय मुरगळला, खाणं सुटलं, की आपण लगेच डॉक्टरांना फोन करतो. पण तीच कुत्री दिवसभर शेपटीखाली चाटत बसली, थेंबथेंब लघवी करत फिरली, की घरात सगळे गप्प. "सवयच आहे तिला." "माजावर आली असेल." "असलं काही डॉक्टरांना कसं सांगायचं?" ही लाज आपली आहे, तिची नाही. आपल्या लाजेची शिक्षा त्या मुक्या जीवाने का भोगायची?

आधी एक गैरसमज काढून टाकू. कुत्रीचा माज म्हणजे आपली पाळी नव्हे. बाईला रक्तस्राव होतो तो गर्भ न राहिल्यावर. कुत्रीला तो होतो गर्भ राहण्याच्या दिवसांच्या आधी. माज साधारण सहा महिन्यांनी येतो, दोन-तीन आठवडे चालतो आणि तिला आपल्यासारखी रजोनिवृत्तीही नसते. त्या दिवसांत थोडी सूज, थोडं रक्त, थोडं चाटणं हे स्वाभाविक. पण माज नसताना ती जागा लाल दिसली, वास आला, पिवळा-हिरवा स्राव दिसला, हात लावू देईना, तर त्याला "माज" म्हणणं ही शुद्ध पळवाट आहे. ती योनीची सूज असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल. लठ्ठ कुत्रीच्या कातडीच्या घड्यांत लघवी साचून आतून सोललंही असेल. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्रीला तिथे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, रक्त गळणारी गाठ आली असेल, तर तो संभोगातून पसरणारा कर्करोग असू शकतो. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत तो बराच आढळतो आणि आठवड्याला एक अशी इंजेक्शनं दिली की बहुतेक वेळा बराही होतो. पण त्यासाठी आधी कुणीतरी तिकडे बघायला हवं ना!

बघायचं सोडून आपण काय करतो? घरगुती उपाय. फरशी पुसायचं जंतुनाशक पाण्यात घालून धुतो. बाळाचं पुरळाचं मलम लावतो, ते ती चाटते आणि त्यातलं झिंक पोटात जातं. "दुखत असेल बिचारीला" म्हणून आपल्या डब्यातली गोळी देतो. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना घातक ठरू शकतात. करायचंच तर कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसा, कोरडं करा, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घाला आणि डॉक्टरांकडे न्या. बाकीचं ज्ञान व्हॉट्सॲपवरच राहू द्या.

दुसरी तऱ्हा "बाहेर बसवण्याची". माजावर आली की तिला ओल्या पोत्यावर गॅलरीत नाहीतर अंगणात बांधायचं. जे नियम माणसांनी माणसांसाठी केले, ते कुत्रीला लावण्यात कसला धर्म आला? ओलीने ती जागा आणखी चिघळते आणि अंगणात नर जमतात ते वेगळंच. कुणी डायपर बांधतं आणि बदलायला विसरतं. आपल्या लेकराला आपण असं ठेवू का?

या गप्प बसण्याने जीव जातो, म्हणून मी इतकी चिडते. माज संपल्यावर साधारण एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. कुत्री खूप पाणी पिते, जेवत नाही, उलटी करते, मलूल पडते. कधी पू बाहेर येतो, कधी तोंड बंद असल्याने काहीच दिसत नाही आणि ते जास्त भयंकर. अशा वेळी "उद्या बघू" नाही. त्याच दिवशी दवाखाना, आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रिया.

हे टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वेळेवर नसबंदी. इथे मात्र आपल्या काही भगिनी हात वर करतात: "अवयव कापणं म्हणजे हिंसाच की! अहिंसाव्रताच्या अतिचारांत छेद सांगितलाय." सांगितलाय, खरं आहे. पण पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत वैद्याचा दाखलाही दिलाय. करुणेने साधूचं गळू कापणाऱ्या वैद्याला, दुःख झालं तरी, तेवढ्यानेच पाप लागत नाही. मग सडणारं गर्भाशय पोटात ठेवणं ही दया कशी? आणि त्याच अतिचारांत बंधही आहे, हे तिला अंगणात साखळीला बांधताना आठवत नाही! कोणत्या वयात नसबंदी करायची, हे डॉक्टरांना विचारा. जाती-वजनानुसार ते बदलतं. गल्लीतल्या कुत्रींसाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नगरपालिकेकडे अर्ज करा, पाठपुरावा करा.

पांजरापोळाला देणगी देणं सोपं आहे, पावती मिळते. दारातल्या कुत्रीची शेपटी उचलून बघणं अवघड, कारण तिथे पावती नाही, उलट घाण वाटते. पण माझ्या मते जीवदयेची परीक्षा तिथेच आहे. म्हणून आठवड्यातून एकदा, अंघोळ घालताना, तिची ती जागाही बघा. आणि डॉक्टरांसमोर "खाली काहीतरी झालंय" असं पुटपुटू नका. योनी म्हणा, स्राव म्हणा, त्याचा रंग सांगा, मागचा माज कधी आला ती तारीख सांगा. तिला बोलता येत नाही. आपल्याला येतं.